नीलाक्कांची सुकट

नीलाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या नाकावर पंचा बांधलेला होता आणि दाढेत लवंग धरलेली होती. परसात तीन दगडांची चूल, चुलीवर लोखंडी कढई, कढईत सुकट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हातातलं उलथनं काही थांबत नव्हतं. आम्ही त्याच दिवशी सामानाची बैलगाडी घेऊन गाडीपुऱ्यातल्या त्या घरी उतरलो होतो. यांची लातूरहून नांदेडच्या अदालतीत बदली झालेली, आणि मला तिथल्या मुलींच्या मदरशात मराठी शिकवायचं काम मिळालेलं. घराचे दोन भाग होते. एक आमचा, एक त्यांचा. परस मात्र एकच.

त्यांनी पंचा जरासा खाली ओढला आणि मला विचारलं, "नव्या का? ऊन खाल्लं का आज?"

मला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. माझ्या सासूबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अगं, गळ्यात लिंग आहे हिच्या. कपाळाला विभूती आहे. अन् शिजवते काय!"

शिजवत नव्हत्या, भाजत होत्या. आणि स्वतःसाठी तर मुळीच नव्हे. नीलम्मा या लातूरच्या एका लिंगायत कापडव्यापाऱ्याची मुलगी. हैदराबादेत डॉक्टरी शिकलेल्या आणि नांदेडच्या जनाना दवाखान्यात नोकरीला असलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. सारं गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचं. मी मात्र त्यांच्याच घरातल्या कानडी वळणानं त्यांना अक्का म्हणू लागले आणि ते त्यांना आवडलं. त्यांनी जन्मात मासळी खाल्ली नव्हती. वासानं त्यांना मळमळायचं. म्हणून तर तो पंचा आणि ती लवंग.

मग हा उद्योग कशासाठी, हे मला हळूहळू कळलं.

त्या काळी आमच्याकडे वाकड्या पायांची लेकरं आणि बदकासारखं डुलत चालणाऱ्या बाया इतक्या होत्या की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नसे. लेकुरवाळी बाई तशीच चालायची, असा समज. अक्कांना मात्र रस्त्यानं जाताना तेवढंच दिसायचं. माणसाचं तोंड त्या नंतर पाहायच्या, आधी चाल. कुणाशी बोलताना मध्येच थांबून त्या दूर जाणाऱ्या एखाद्या बाईकडे बघत राहायच्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "कंबर गेली हिची."

"हाड म्हणजे काय असतं?" त्या मला एकदा म्हणाल्या. "पुष्कळसा चुनाच. कॅल्शियम. पोटात लेकरू आलं की ते आईच्या हाडातला चुना काढून घेतं. अंगावर पाजलं की दुधातनं पुन्हा जातो. बाईच्या ताटात तो परत कुठून येतो सांगा बघू? दूध खव्याला जातं, नाही तर गड्यांच्या तोंडी. वरून ती दिवसभर अंधाऱ्या घरात. उन्हाशिवाय चुना हाडाला धरत नाही."

दवाखान्यात आधी विलायती माशाचं तेल आणि चुन्याच्या गोळ्या यायच्या. तिकडे लढाई पेटली आणि बाटल्या यायच्या बंद झाल्या. अक्कांनी हैदराबादला अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच, माल नाही. मग एके दिवशी त्या इतवारच्या बाजारातून जात होत्या. तिथं भोईणी गोदावरीतले बारके झिंगे वाळवून पाट्या मांडून बसायच्या. आमच्याकडे मुसलमान घरांत त्याला झिंगे म्हणायचे आणि शेतकरी घरांत सुकट. अक्का तिथं थांबल्या. एवढासा जीव, टरफलासकट वाळवलेला, आणि टरफलासकटच खायचा. त्यांनी हैदराबादच्या आपल्या जुन्या शिक्षकांना विचारून घेतलं. त्यांनी कळवलं की बारीक सुकटीत चुना भरपूर असतो, मात्र ती सोलली की त्यातला बराचसा टरफलाबरोबर जातो.

तेव्हापासून "टरफलासकट" हा त्यांचा मंत्रच झाला. दवाखान्यातून निघणाऱ्या बाईच्या पाठीमागून त्यांचा आवाज यायचा, "टरफलासकट बरं का! डोकी मोडत बसू नका!"

भाजून, कुटून पीठ करायची युक्ती त्यांची स्वतःची. बायांना सुकट खा म्हणून सांगितलं की त्या मान डोलवायच्या, घरी जाऊन शिजवायच्या आणि पुरुषांना वाढायच्या. त्यांच्या वाट्याला रस्सा. अक्कांच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पीठ करून तिच्याच भाकरीत घालू. भाकरीतनं कोण वेचून खाणार?"

पण एक गोष्ट त्या काटेकोर पाळायच्या. लपवून कुणाला द्यायचं नाही. त्यांच्याच दवाखान्यातल्या एका दाईनं एकदा सुचवलं की पुडीवर काही तरी वेगळं नाव घालू, म्हणजे न खाणाऱ्या घरांतही चालून जाईल. अक्का अशा संतापल्या की त्यांच्या तोंडून मराठी जाऊन उर्दू आली. रागावल्या की त्या उर्दूतच रागवायच्या. "खबरदार! खाणाऱ्याला ठाऊक पाहिजे आपण काय खातो ते. मला कुणी असं फसवून घातलं असतं तर?" न खाणाऱ्या घरांसाठी त्यांच्याकडे तीळ होते, नाचणी होती, शेवग्याचा पाला होता. मला दिवस गेले तेव्हा माझ्या सासूबाईंना त्यांनी तिळाचे लाडू करायला लावले आणि मला रोज सकाळी परसात पाय उघडे टाकून बसवलं. सासूबाई सुकटीच्या वासानं कुरकुरायच्या, पण लाडू मात्र त्यांनी कधी चुकवले नाहीत. आमच्या घरमालकांनी वासापायी घर सोडायला सांगितलं होतं. तेव्हा अक्का त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतो. मी तरी कुठं जाऊ?" मालकांना हसू आलं. पुढं ते स्वतःच भाजणीच्या दिवशी परसात ऊद घालू लागले.

गाडीपुऱ्याच्या मागं एका वकीलसाहेबांची हवेली होती. त्यांची धाकटी सून नसीमबी खाटेला खिळलेली. कंबर, मांड्या, सगळं ठणकायचं. तिला लग्नानंतर उन्हाचा कवडसासुद्धा अंगावर माहीत नव्हता. अक्का तिला तपासून बाहेर आल्या आणि तिच्या सासूला, बड्या बेगमेला, म्हणाल्या की हिला रोज माळवदावर उन्हात बसवा.

बेगम गादीवरून उठल्याच. "क्या बोलते जी डॉक्टरनी? गोरी बहू देख के लाये थे हम. तुम काली करके देते क्या?"

"काली होके चलती-फिरती अच्छी, के गोरी होके खाट पे पडी अच्छी? तुमीच बोलो."

मी दारात उभी होते. बेगम पोट धरून हसल्या. त्याच आठवड्यात माळवदाच्या चारी बाजूंना चटयांचा आडोसा उभा राहिला. त्या घरात मेथी-झिंगे तर नेहमीचेच. पण झिंग्यांची डोकी-शेपट्या मोडून टाकायची रीत. अक्कांनी ती सोडायला लावली. हिवाळा सरता सरता नसीमबी जिन्यावरून आपल्या पायांनी वर जाऊ लागली. बड्या बेगमेनं अक्कांना एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे झिंगे आधी पाण्यात भिजवून, रेती खाली बसली की वरचेवर उचलून घ्यायचे. रेती जाते, खारटपणाही जातो. अक्कांनी ते लगेच उचललं आणि ज्याला त्याला "बेगमसाहेबांचा नुस्खा" म्हणून सांगू लागल्या.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. अक्का त्या दिवशी खेड्यांत जायच्या आणि मला बरोबर घ्यायच्या. एकट्या बाईनं जायचे ते दिवस नव्हते, आणि माझं बालपण शिरूर अनंतपाळला गेलेलं असल्यानं खेड्यातल्या बायांशी माझं जमायचं. हिमायतनगरच्या वाटेवर एक लहानसं खेडं होतं. तिथं आम्ही गयाबाईंच्या घरी पहिल्यांदा गेलो तो दिवस मी विसरणार नाही.

गयाबाई म्हणजे उंच, काळीसावळी, आवाजानं आणि नजरेनं घर चालवणारी बाई. नवरा नव्हता. एकच मुलगा, आणि त्याची बायको सोजर. सोजरला दिवस गेलेले होते. अक्कांनी तिला उठून उभं राहायला सांगितलं. ती आधी एका बाजूवर कलली, मग दोन्ही हात मांड्यांवर रोवून, हातांनी स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखी उभी राहिली आणि डुलत दोन पावलं चालली. वय विशीच्या आतबाहेर असेल.

"पहिलंच का?" अक्कांनी विचारलं.

उत्तर गयाबाईंनी दिलं. "न्हाई. पहिलं आडलं. गेलं."

"घरात सुकट येते?"

"येती की, बाजारच्या दिवशी."

"कोण खातं?"

"गडीमाणसं खात्यात."

"अन् ही?"

"छ्या! पोटुशीला सुकट? लई उष्ण असती ती. लेकराला खरूज व्हती."

अक्कांनी सगळं समजावून सांगितलं. हाड, चुना, ऊन. गयाबाईंनी ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "तुमी खाता का?"

मी अक्कांकडे बघितलं. "न्हाई," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरी चालत न्हाई. मला तर वाससुद्धा सोसत न्हाई."

"मंग? सोता खायाचं न्हाई, अन् आमच्या सुनंला सांगायल्या?"

"हाव. तुमच्या घरात चालतं म्हणून सांगायले. चालत नसतं तर तीळ सांगितले असते."

गयाबाईंना ते पटल्यागत दिसेना. अक्का थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गयाबाई, जरा त्या दारापर्यंत जाऊन येता?"

"मी? मला काय धाड भरली?"

"जाऊन तर या."

त्या उठल्या. उठताना त्यांनीही हात गुडघ्यांवर रोवले. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. सून डुलत चालली होती तशाच त्या डुलत चालल्या. फक्त इतकी वर्षं त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"लेकरं किती तुम्हाला?"

"ह्यो एकच."

"झालेली किती?"

गयाबाईंनी पदर सावरला. खाली बसल्या. नखानं जमीन उकरत राहिल्या. "लई," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "समदी आडलेली. ह्यो तेवढा निघाला. नशीब म्हून बसले."

"नशीब नव्हतं ते. हाड नरम होतं. नरम हाड वाकतं, लेकराची वाट अरुंद होते."

"मंग मला कुणी सांगितलं न्हाई ते," गयाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. पण त्या घरात बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

अक्कांनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. "सुकटीनं, उन्हानं हाड पक्कं होईल. ठणका थांबेल. पण वाकलेलं पुरतं सरळ होईल असं मी म्हणणार नाही. म्हणून दिवस भरत आले की हिला नांदेडला आणायचं. इथं ठेवायचं नाही. कबूल?"

गयाबाईंनी मान डोलावली.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर सासू आणि सून अंगणात उन्हात बसून एका ताटात जेवत होत्या. भाकरी तपकिरी दिसत होती. अक्कांनी काही विचारायच्या आत गयाबाई म्हणाल्या, "माझं बी हाडच हाय की."

सगळं असं नीट चाललेलं असताना चंद्रभागेचं झालं.

चंद्रभागा आमच्याच गल्लीतल्या विणकराची बायको. तिचा मुलगा उशिरापर्यंत चालत नव्हता. अक्कांनी मुलाला आणि तिला, दोघांना पीठ दिलं. तिनं सकाळी भाकरी खाल्ली आणि दुपार व्हायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडू लागला. नवऱ्यानं तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात आणलं. अक्कांनी सुई टोचली आणि तिच्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या. संध्याकाळी तिचा श्वास मोकळा झाला तोवर त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले होते. त्यांनी तो उघडलाही नाही.

"काहींच्या अंगाला मासळी सोसत नाही, हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही तिला. घाईत होते."

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. डॉक्टरीण जहर घालते. बाटवायला निघाली आहे. दवाखान्याचे मोठे डॉक्टर त्यांना बोलावून म्हणाले की हा मासळीबाजार बंद करा, औषध आलं तर देऊ, नाही आलं तर नाही देऊ. तसा माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वरून तकरार नको होती.

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या होत्या. दवाखान्याच्या ओसरीवर मीही होते, कारण मला माझी तब्येत दाखवायची होती. एरवी अक्का सरळ आत जायच्या. त्या दिवशी त्या ओसरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चंद्रभागेला जे झालं ती माझी चूक. सुकट वाईट नाही, पण ती सगळ्यांच्या अंगाला मानवत नाही. मी आधी विचारायला हवं होतं. ज्यांना मासळीनं कधी खाज आली असेल, ओठ सुजले असतील, त्यांनी तिला हात लावू नये. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी चिमूटभरच खायची, तीही दवाखान्यात, माझ्यासमोर. अन् ज्यांचे पाय सुजतात त्यांनी खारट काहीच खायचं नाही."

डॉक्टरनं चूक कबूल करायची, आणि तीही खेड्यापाड्यातल्या बायांपुढं, हे त्या काळात कुणी ऐकलेलं नव्हतं. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "चंद्रभागा हाय ना जित्ती?"

"आहे. आत बसलीय. पेज पिऊन राहिलीय."

"मंग द्या मला चिमूटभर."

मोठ्या डॉक्टरांनी मनाई केली होती खरी, पण ती त्यांनी फार ताणली नाही. चिमूट खाऊन बघण्याकडे त्यांनी मग डोळेझाक केली. चंद्रभागेच्या मुलाला सुकट मानवली. तिला अक्का तिळाची पुडी द्यायच्या, आणि ती पुडी घेऊन त्या स्वतः तिच्या घरी जायच्या. पहिल्यांदा तिच्या नवऱ्यानं दार उघडलं नाही. अक्का बाहेर पायरीवर बसून राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यानंच चहा पुढं केला.

बातमी त्या खेड्यापर्यंत पोचलीच होती. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या दोघी-तिघींनी आम्हाला पाहून दारं लावून घेतली. गयाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"बाई मेली म्हन्त्यात तुमच्या हातनं."

"मेली नाही. पण मरता मरता वाचली." अक्कांनी घडलं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

गयाबाईंनी ऐकलं. मग मागं वळून हाक मारली, "सोजर, ये गं भाईर."

सोजर आली. तिनं उंबऱ्याची चौकट धरली नव्हती. गयाबाई म्हणाल्या, "हिला काय बी झालं न्हाई. मला बी न्हाई. जात्यावर बसायली परवापास्नं, सोताहून. म्या न्हाई सोडायची ही सुकट. कोन काय म्हन्तंय ते म्हनू द्या." आणि अक्कांचा हात धरून त्यांना आत नेलं.

दिवस भरत आले तेव्हा बैलगाडीत गवत अंथरून गयाबाई सुनेला घेऊन नांदेडला आल्या आणि आमच्या परसातल्या खोलीत राहिल्या. माझ्या सासूबाईंनी त्यांना वेगळी चूल मांडून दिली. ज्या बाईला वासानं मळमळायचं तिच्याच परसात आता दोन्ही वेळा सुकट शिजू लागली. अक्का लवंग चघळत त्यांच्याशी गप्पा मारायच्या.

एके दिवशी सकाळी सोजरला कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली गयाबाई, सोजरचा नवरा आणि मी. ऊन चढत गेलं. आतून आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की गयाबाई डोळे मिटून घ्यायच्या. एकदा दाई बाहेर येऊन गरम पाणी घेऊन गेली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. गयाबाई मला म्हणाल्या, "माझ्या येळंला असंच हुतं. आवाज थांबला की समदं थांबायचं." मी त्यांचा हात धरला. तो घामानं ओला होता.

दुपार कलली तेव्हा लेकरू रडलं. मोठ्यानं, तक्रार केल्यासारखं.

अक्का बाहेर आल्या. केस विस्कटलेले, विभूती घामानं पुसलेली. "मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "चिमटे लावावे लागले. डोक्याला जरा वळ आहे, जाईल तो."

मुलगी म्हटल्यावर त्या काळात घरच्यांचे चेहरे कसे व्हायचे ते मी पुष्कळदा पाहिलं होतं. गयाबाई म्हणाल्या, "सून कशी हाय?"

"छान आहे. पाणी मागून राहिलीय."

गयाबाई मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडू लागल्या. अक्का त्यांच्या शेजारी तशाच मातीत बसल्या.

त्यानंतरच्या दिवसांत राज्यात गडबड सुरू झाली. लोक घरं बंद करून सरहद्दीपलीकडे जाऊ लागले. यांनीही नांदेड सोडायचं ठरवलं. लेकरू कडेवर घेऊन मी अक्कांना म्हटलं, "तुम्हीही चला आमच्याबरोबर, सरहद्दीपलीकडे." त्या म्हणाल्या, "दिवस भरलेल्या बाया कुठं जाणार आहेत? त्या आहेत तोवर मी आहे." त्या कुठंही गेल्या नाहीत. निजामी संपली, नवं सरकार आलं, तेव्हाही त्या तिथंच होत्या, असं मला पुढं कळलं. पण आमची भेट पुन्हा झाली नाही. आम्ही निघायच्या आधीच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "चला, एकदा गयाबाईंकडे जाऊन येऊ." तीच आमची शेवटची फेरी.

थंडी होती. शिवारात हरभरा भरलेला. गाडी गावाबाहेर सोडून आम्ही चालत निघालो, तर गयाबाईंच्या खळ्यात बाया जमलेल्या दिसल्या. पाचसहा पोटुश्या, दोनतीन सासवा, आणि मधोमध गयाबाई, हातात सूप घेऊन. सुकट पाखडत बोलत होत्या.

"आधी भिजवायची. रेती खाली बसती. मंग वाळवून भाजायची. अन् पयल्या दिशी चिमूटच, कळ्ळं का? तोंड खाजलं तर थुकून टाकायचं, पुन्यांदा तोंडात घालायची न्हाई. तसल्या बाईला तीळ हायत."

"उष्ण असती म्हन्त्यात," एक सासू म्हणाली.

"म्या बी म्हनत हुते तसंच. तुझी किती लेकरं गेली गं, सारजे?"

सारजा सरकून सुपाजवळ बसली. मी पुढं व्हायला निघाले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं. "थांबा." गयाबाई पुढं सांगत होत्या की ऊन फक्त उगवतीचंच खायचं, मावळतीच्या उन्हात चुना नसतो. अक्कांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आम्ही कुंपणाआड उभ्या राहून सगळं ऐकलं. मग अक्का वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "चला. इथं आता माझं काम नाही."

आम्ही कुणाला न भेटता गाडीत बसलो. बैल चालू लागले. अक्का मागं तोंड करून, पाय खाली सोडून बसल्या होत्या. थोडं अंतर गेलो असू, तोच गावाकडून हाक आली. सोजर होती. आमची गाडी तिला दिसली असणार. लेक कडेवर, दुसऱ्या हातात हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंढी, आणि ती ढेकळांतून आमच्या मागं पळत होती.

गाडीवान कासरा ओढू लागला.

"थांबवू नका," अक्का म्हणाल्या.

"अवो बाई, हाका मारायली ती!"

"मारू द्या. जरा पळू द्या तिला." त्यांनी डोळ्यांवर हाताची झापड धरली होती. "मला बघू द्या."

सोजर पळत आली. ना डुलणं, ना थांबणं. लुगड्याचा काष्टा आवळलेला, कडेवरचं पोर हसतंय, चेहरा लालबुंद. गाडी गाठली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती चांगलीच चिडली होती. "ऐकू येत न्हाई का तुमाला? कवापास्नं वरडायली मी!"

अक्कांनी दोन्ही हात पुढं केले. डहाळा घ्यायला की लेकरू घ्यायला, ते त्यांनाही कळलेलं नसावं. त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या दिवशी जवळपास कुणीही सुकट भाजत नव्हतं.